उधारीची वही

जळगावहून अजिंठ्याची लेणी बघायला गेला असाल, तर तुम्ही आमच्या पहूरमधून गेला आहात. फक्त तुम्हाला ते माहीत नाही. वाघूर नदी, एका अंगाला पहूर पेठ, दुसऱ्या अंगाला पहूर कसबे, बसस्टँड, चहाच्या टपऱ्या, आणि २०२० पर्यंत पाचोरा-जामनेरची ती छोटी गाडी, जिला आम्ही सगळे पीजे म्हणायचो. कपाशी, केळी आणि मे महिन्यात ४५ डिग्री. बास, एवढंच आमचं गाव.

या गावात पेठेत एक मेडिकल आहे. दुकानाच्या पाटीवर नाव आहे, पण ते कोणी वाचत नाही. "भाऊचं मेडिकल" म्हटलं की झालं. भाऊंचे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून आमच्या घरची औषधं तिथूनच येतात. भाऊ स्वतः शिरपूरला जाऊन डी.फार्म. करून आले आणि वडिलांनंतर काउंटरवर उभे राहिले. त्याही आधी ते जिल्हा परिषदेच्या शाळेत आमच्या अण्णांच्या वर्गात होते. म्हणजे अण्णा त्यांचे गुरुजी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या दुकानात एक लाल कापडी बांधणीची लांबट वही असते. उधारीची वही. गावात पगार एक तारखेला होतो आणि कपाशीचे पैसे दिवाळीच्या आसपास येतात, आजार मात्र कधीही येतो. त्यामुळे प्रत्येक घराचं एक पान. तारीख, कोणासाठी, काय नेलं, किती रुपये. आमच्या पानावर सगळ्यात वर लाल पेनाने एक ओळ असायची. मी चौथीत असताना कसल्याशा तापात मला सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि अंगभर चट्टे उठले. ओठ सुजून नुसते बटाट्यासारखे झाले. आई मला घेऊन दुकानात गेली, तर भाऊंच्या वडिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वहीत लिहिलं, "गुरुजींचा धाकटा - सल्फा नाही."

आता हे सगळं आठवायचं कारण.

दोनेक वर्षांपूर्वी मी अण्णांची बीपीची गोळी ऑनलाइन करून टाकली. मी करतो त्याच गोष्टी करतो आपण सगळे, नाही का? पुण्यात बसून आईवडिलांसाठी काहीतरी 'केल्याचं' समाधान हवं असतं. ॲपवर चिठ्ठीचा फोटो टाकला, दर महिन्याला आपोआप ऑर्डर लावली, डिस्काउंट मिळाला तो वेगळाच. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये वाचत होते. मी आईला फोनवर अगदी ऐटीत सांगितलं की आता भाऊंच्या दुकानात हेलपाटे घालायची गरज नाही, खोकं दारात येईल. आई म्हणाली, "अरे पण भाऊ विचारतो ना येता-जाता, कसं काय म्हणून." मी म्हटलं, त्यात काय, मी रोज फोन करतोच की. (करत नव्हतो. आठवड्यातून दोनदा.)

गोळी होती टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची जोडगोळी. एकाच गोळीत दोन औषधं. पहिलं रक्तवाहिन्या सैल करतं, दुसरं लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतं. लाखो लोक घेतात, उत्तम गोळी आहे. अण्णांचं प्रेशर ताब्यात होतं.

२०२५ च्या मार्चमध्ये अण्णांचे गुडघे जास्तच दुखायला लागले. जळगावला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ॲसेक्लोफेनॅक दिली, पाच दिवसांसाठी. पाच दिवसांत फरक पडला. आता जी गोळी घेऊन माणूस पुन्हा शेतापर्यंत चालत जाऊ लागला, ती गोळी पाच दिवसांनी कोण बंद करतो? तीच चिठ्ठी घेऊन अण्णा भाऊंकडे जात राहिले. एप्रिल गेला, मे आला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन. "अण्णांना दोन दिवस झाले उलट्या होताहेत, काही खात नाहीत, लघवी अगदीच कमी झालीय. ऊन लागलं असेल का रे?" त्या आठवड्यात जळगाव जिल्ह्यात ऊन लागणं ही काही शंका घेण्यासारखी गोष्ट नव्हती. मी म्हटलं, लिंबू-सरबत द्या. तिसऱ्या दिवशी अण्णा बाथरूमच्या दारात कोसळले. चुलतभावाने गाडीत घालून जळगावला नेलं. मी रात्रभर बसमध्ये.

सकाळी पोचलो तेव्हा रिपोर्ट आलेला होता. क्रिएटिनिन ३.६. जानेवारीत १.१ होतं. पोटॅशियम वाढलेलं. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्यापेक्षा लहानच असतील. त्यांनी आईला विचारलं, "कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत?" आईने पिशवी आणलेली होती. आपल्याकडे प्रत्येक घरात ती प्लॅस्टिकची पिशवी असते. तिने ती पिशवी टेबलावर उलटी केली. मॅडमनी दोनच स्ट्रिप उचलल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "या दोन्ही एकत्र कोणी दिल्या?"

कोणीच नाही. म्हणजे हेच खरं उत्तर होतं. प्रेशरच्या डॉक्टरांनी बरोबर गोळी दिली. हाडांच्या डॉक्टरांनी बरोबर गोळी दिली, तीही पाचच दिवसांची. दोन्ही कंपन्यांचा माल चोख. भेसळ नाही, खोटं औषध नाही, एक्स्पायरी नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक मॉड्यूल आपापल्या टेस्टमध्ये पास. इंटिग्रेशन कोणीच बघितलं नव्हतं.

किडनीत नेमकं काय झालं ते मॅडमनी समजावलं, पण मला ते कळलं ते ठिबकच्या भाषेत. आमच्याकडे केळीला ठिबक असतं, त्यामुळे हे गावातल्या कोणालाही कळेल. फिल्टर चालायला आत पाण्याचा दाब लागतो. ॲसेक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या किडनीच्या फिल्टरचा आत येणारा व्हॉल्व्ह आवळतात. टेल्मिसार्टन बाहेर जाणारा व्हॉल्व्ह सैल करतं. पाणी काढणारं औषध विहिरीचीच पातळी खाली आणतं. एकेक गोष्ट झाली तर फिल्टर सांभाळून घेतो. तिन्ही एकदम झाल्या आणि वर मे महिन्याचं ऊन, घाम, कमी पाणी पिणं, की फिल्टरमध्ये दाबच उरत नाही. डॉक्टरी पुस्तकांत या त्रिकुटाला तिहेरी तडाखा अशा अर्थाचं नावच आहे. म्हणजे हे जगाला माहीत असलेलं आहे. फक्त आमच्या घरात ते माहीत असलेला माणूस नव्हता.

की होता?

अण्णा सहा दिवसांत घरी आले. डायलिसिस लागलं नाही. ऑगस्टपर्यंत क्रिएटिनिन १.४ वर आलं. १.१ वर पुन्हा येईल असं आता कोणी म्हणत नाही. पुण्याला परत आल्यावर मी आमच्या धंद्यातली सवय म्हणून या प्रकरणाचं मूळ शोधायला बसलो. सर्व्हर पडला की आम्ही लिहितो तसं. काय घडलं, कधी कळायला हवं होतं, कोणाला. आणि पहिल्याच पानावर अडकलो. कारण दोन्ही औषधं एकाच जागी दिसण्याची संधी या सगळ्या साखळीत एकाच माणसाला होती, काउंटरवरच्या. आणि त्याच्या समोरून एक औषध मी काढून घेतलं होतं, सव्वाशे रुपयांसाठी.

मग मी वाचायला लागलो. वाचलं त्यातलं थोडं सांगतो, कारण मलाही हे आधी माहीत नव्हतं आणि तुम्हालाही नसेल.

औषध बाजारात येण्याआधी त्याच्या चाचण्या होतात हे आपल्याला माहीत असतं. शेवटच्या टप्प्यात समजा ३,००० माणसांवर चाचणी झाली. एखादा दुष्परिणाम दर १०,००० माणसांत एकाला होत असेल, तर तो त्या चाचणीत न दिसण्याची शक्यताच जास्त. साधं गणित आहे. तो निदान एकदा दिसेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ३०,००० माणसं लागतात. शिवाय चाचणीत घेतलेली माणसं निवडून घेतलेली. सत्तरी ओलांडलेला, किडनी थोडी थकलेली, चार गोळ्या घेणारा आणि दुपारी कपाशीच्या शेतात उभा असलेला माणूस चाचणीत सहसा नसतो. तो असतो प्रॉडक्शनमध्ये. म्हणजे औषधाची शेवटची टेस्टिंग आपल्यावरच चाललेली असते, आणि तिचे लॉग कोणीतरी वाचणं गरजेचं असतं.

जगाला हे शहाणपण थॅलिडोमाइडने आलं. गरोदरपणातल्या मळमळीवर दिलेल्या त्या औषधाने हजारो मुलं अधू हातापायांची जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. त्यानंतर देशोदेशी नोंद ठेवायला सुरुवात झाली. १९६४ मध्ये ब्रिटनने पिवळं कार्ड काढलं. डॉक्टरला एखाद्या औषधाचा संशय आला की कार्ड भरून पाठवायचं. गंमत बघा, ते कार्ड भरायचा अधिकार दवाखान्यातल्या फार्मासिस्टना मिळाला १९९७ मध्ये आणि गल्लीतल्या दुकानातल्या फार्मासिस्टना १९९९ मध्ये. म्हणजे ज्याच्या हातातून औषध जातं, त्यालाही काही दिसत असेल हे लक्षात यायला ३५ वर्षं लागली. तेव्हा आपल्याला फार लाज वाटून घ्यायचं कारण नाही :)

आपल्याकडे हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. २०११ पासून तो गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालतो. वैद्यकीय महाविद्यालयांत नोंदणी केंद्रं आहेत, १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे, एक साधा फॉर्म आहे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट कोणीही भरू शकतं. पेशंटसाठी वेगळा फॉर्म आहे. आणि याचा उपयोग होतो. मेफ्टाल नावाने घरोघरी असलेली मेफेनॅमिक ॲसिडची गोळी तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्येही असेल. २०२३ च्या शेवटी याच आयोगाने सावधगिरीची सूचना काढली की तिच्यामुळे क्वचित एक गंभीर ॲलर्जी होऊ शकते. ती अशाच कुठून कुठून आलेल्या नोंदी वाचून.

आणि नोंद झाली नाही, किंवा उशिरा झाली, तर काय होतं? १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ पेशंट गेले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं, जे किडनी मारतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणात औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी पोखरलेली साखळी उघडी केली. आपल्याला वाटतं झालं, धडा शिकलो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेच विष खोकल्याच्या औषधातून मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या लहान मुलांच्या पोटात गेलं. वीसहून जास्त मुलं गेली. त्यातली बरीच उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल होतं ४८.६ टक्के. चालतं ०.१ टक्का.

त्या बातम्या मी अण्णांच्या रिपोर्टची फाइल शेजारी ठेवून वाचल्या. आमचं प्रकरण वेगळं होतं हे खरं. तिथे औषधच विषारी होतं, आमच्याकडे औषधं चांगली होती. पण एक गोष्ट सारखी होती. प्रत्येक बाटली कुठल्या ना कुठल्या काउंटरवरून गेली होती. लघवी बंद झालेल्या दुसऱ्या मुलाचा बाप त्याच काउंटरवर आला असेल, तर ते सगळ्यात आधी कोणाला कळू शकतं?

दिवाळीला पहूरला गेलो तेव्हा डोक्यात हेच होतं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी मी भाऊंच्या दुकानात गेलो. खरं तर मे महिन्यापासून मी त्यांना टाळत होतो. त्यांच्यावर राग होता की स्वतःवर, तेच कळत नव्हतं. भाऊंनी आतलं स्टूल पुढे केलं. "बैस भो. गुरुजी बरे आहेत ना?"

मी तिथे दीड तास बसलो. इतक्या वर्षांत काउंटरच्या आतल्या बाजूने मी ते दुकान पहिल्यांदाच पाहत होतो. दीड तासात चाळीसेक गिऱ्हाईकं आली असतील. निम्म्यांकडे चिठ्ठी नव्हती. "डोकं दुखते, एक गोयी द्या." "तीच पिवळी गोयी, मागच्या खेपेची." एकाने मोबाइलवर रिकाम्या स्ट्रिपचा फोटो दाखवला. भाऊ एका हाताने कात्रीने स्ट्रिप कापत होते आणि तोंडाने विचारत होते, जेवून घेतली का, आधी काय घेतलं, घरात कोणाला साखर आहे का. लोक वैतागत होते. एक पोरगा गाडी चालूच ठेवून म्हणाला, "भाऊ, मुलाखत नंतर घ्या ना, लवकर द्या." मला हसू आलं आणि मग आलेलं हसू गेलं. पुण्यात मी हेच करतो. फरक एवढाच की माझ्या ॲपला विचारताच येत नाही.

गर्दी ओसरल्यावर मी विषय काढला. म्हटलं, भाऊ, ती दुखण्याची गोळी अण्णा दोन महिने नेत होते.

भाऊ थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाव. मीच दिली. चिठ्ठी पाच दिवसांची होती, मले दिसत होती." मग वही ओढली, आमचं पान काढलं आणि बोट ठेवलं. "हे पाय. प्रेशरची गोयी महिन्याच्या महिन्याले आहे. मग एकदम बंद. मले वाटलं, डॉक्टरनं बंद केली. नाही तर मी गुरुजींले दोन्ही सोबत देत नव्हतो."

"विचारलं नाही तुम्ही?"

"एकदा विचारलं. म्हणे, पोरगं पुण्याहून पाठवते, तुले काय करायचं? आता ते गुरुजी आहेत माह्ये. त्यायच्यासमोर मी अजून चौथीतलाच." भाऊ हसले. "पण विचारायले पाहिजे होतं. म्हणायले पाहिजे होतं, डब्बी आणून दाखवा."

मी काय बोलणार? वहीच्या त्या पानावर माझी हुशारी स्पष्ट दिसत होती. महिन्याच्या महिन्याला येणारी एक ओळ, आणि एका तारखेनंतर ती नाही. लॉगमध्ये एखादा सर्व्हर गप्प झाला की त्याचं कारण शोधायचं असतं, हे मी नव्या पोरांना शिकवतो.

मग भाऊ बोलत राहिले. त्यांच्या बाजूची गोष्ट मी कधी ऐकलीच नव्हती. कायद्याने फार्मासिस्ट हजर असल्याशिवाय चिठ्ठीचं औषध विकता येत नाही, पण सर्टिफिकेट भाड्याने देऊन भलतीकडे नोकरी करणारे त्यांच्या वर्गातच कितीतरी. महेश झगडे एफडीएचे आयुक्त होते तेव्हा, २०१२ च्या सुमाराला, राज्यात यावर कडक तपासण्या झाल्या होत्या. केमिस्ट लोकांनी विरोध केला. "मीही शिव्या दिल्या तवा," भाऊ म्हणाले. "पण त्या टायमाले पहिल्यांदा वाटलं, का आपल्याले कोणी तरी फार्मासिस्ट म्हणून मोजते. नाही तर आपण दुकानदार." २०१४ पासून काही अँटिबायोटिक आणि झोपेच्या वगैरे औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं. ते ते ठेवतात. २०१५ च्या नियमांत फार्मासिस्टने पेशंटला औषध समजावून सांगावं असं लिहिलंय, तेही त्यांना माहीत आहे. "पण समजावायचे पैसे कोण देते भो? स्ट्रिपवर मार्जिन आहे, विचारण्यावर नाही. दोन मिनिटं विचारलं का तो समोरच्या दुकानात जाते. आणि आता तर तुमचं ते ॲप."

'तुमचं' हा शब्द मला लागला. बरोबर लागला.

मी फोनवर तो फॉर्म काढून दाखवला. भाऊंनी आधी हात झटकले. त्यांचे दोन आक्षेप होते आणि दोन्ही अगदी रास्त. पहिला, "हे तर पुस्तकात आहे. नवीन काय त्यात? कळवून काय होईल?" दुसरा त्यांनी जरा हळू आवाजात विचारला, "मीच दिली, आणि मीच लिहून देऊ?"

पहिल्याचं उत्तर मला माझ्या धंद्यामुळे येत होतं. बग माहीत असणं वेगळं आणि तो किती जणांना नडतोय हे माहीत असणं वेगळं. एकाने कळवला तर तो यादीत तळाशी पडून राहतो. पाचशे जणांनी कळवला की कोणीतरी मोठा माणूस उठून खोक्यावर इशारा छापायला लावतो. फॉर्ममध्येही हेच म्हटलंय, परिणाम माहीत असलेला असो वा नवीन, संशय असला तरी कळवा, खात्री हवी असं नाही. दुसऱ्याचं उत्तर फॉर्मवरच छापलेलं होतं. नोंद केली म्हणजे कोणाची चूक कबूल केली असं होत नाही, आणि नावं गुप्त राहतात.

भाऊंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "लिही."

चार गोष्टी असल्या की नोंद पुरी होते. पेशंट कोण (पूर्ण नाव नाही, आद्याक्षरं आणि वय), काय झालं, कुठल्या औषधाचा संशय आहे, आणि कळवणारा कोण. मी टाइप करत होतो, भाऊ वहीतून तारखा सांगत होते. कोणत्या दिवशी पहिली स्ट्रिप, किती गोळ्या, पुन्हा कधी. बीपीच्या गोळीच्या तारखा मी माझ्या ॲपच्या ऑर्डरमधून काढल्या. दोन अर्धी पानं एकमेकांना जोडल्यासारखं ते चाललं होतं. वीस मिनिटं लागली. कळवणाऱ्याच्या रकान्यात मी "काय लिहू?" असं विचारलं, तर भाऊ म्हणाले, "फार्मासिस्ट." त्यांनी तो शब्द जरा जोरातच उच्चारला असं मला वाटलं.

त्याने काय झालं? काहीही नाही. गाझियाबादच्या कुठल्यातरी डेटाबेसमध्ये एक ओळ वाढली असेल. तिथून ती स्वीडनमधल्या उप्सालाला जाते. तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमासाठी देशोदेशीच्या अशा कोट्यवधी नोंदी साठवलेल्या आहेत. त्या गर्दीत पहूरच्या एका निवृत्त गुरुजींची आद्याक्षरं आता आहेत, एवढंच. पण गिधाडांसाठी कोणी फॉर्म भरला नव्हता हेही मला त्या रात्री आठवलं. अण्णा सांगतात, लहानपणी नदीकाठी मेलेलं ढोर टाकलं की गिधाडं उतरायची. ती गेली कुठे हे कोणाला कळलं नाही. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक, म्हणजे अण्णांच्या गोळीची सख्खी बहीण, मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची किडनी बंद पाडतं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर आकाश रिकामं झालेलं होतं.

असो. ती ॲपची आपोआप ऑर्डर मी बंद केली. ऑनलाइन औषधं वाईट असं मला म्हणायचं नाही. गावोगावी दुकानं नाहीत, अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, त्यांना ती हवीतच. भाऊंसारखे सगळेच असतात असंही नाही, आणि भाऊसुद्धा चुकलेच होते. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळी औषधं बघणारा एक माणूस असू द्या, मग तो कोणीही असो. पिशवी वर्षातून एकदा त्याच्यासमोर उलटी करा. त्याने दोन प्रश्न विचारले तर गाडी बंद करून उत्तर द्या. अंगावर काही उठलं, पाय सुजले, लघवी कमी झाली, चक्कर आली, तर "उष्णतेने असेल" म्हणून सोडायच्या आधी त्याला जाऊन सांगा. मी लिंबू-सरबत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला भाऊंच्या दुकानात नवी वही पूजेला ठेवली होती. कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचं फूल. अण्णांना मी हाताला धरून नेलं होतं. पूजा झाल्यावर भाऊ खाली बसून जुन्या वहीतली पानं नव्या वहीत उतरवायला लागले, घराघराची बाकी. दरवर्षी करतात. आमचं पान आलं. बाकी शून्य होती. तरी त्यांनी निळं पेन खाली ठेवलं आणि लाल उचललं.

"गुरुजींचा धाकटा - सल्फा नाही."

म्हणजे गेली जवळजवळ तीस वर्षं, मी गाव सोडल्यावरही, मी तिथलं एकही औषध घेत नसतानाही, आधी वडील आणि मग मुलगा दर दिवाळीला ती ओळ पुढच्या वहीत उतरवत आले होते. मला हे माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेलो, पण भाऊ अजून लिहीत होते. त्याखाली दुसरी ओळ आली.

"गुरुजी - दुखण्याची गोळी नाही. डब्बी पाहिल्याशिवाय काहीच नाही."

अण्णांनी चष्मा सरळ केला, वाकून ती ओळ वाचली आणि म्हणाले, "'डब्बी'त एकच ब."

"हाव गुरुजी," भाऊ म्हणाले, आणि खोडलं काही नाही.